चौथ्या मजल्यावरच्या काकांना, त्या बॅकअपवाल्या रविवारबद्दल

काका, नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

जुलैमध्ये माझ्या लॅपटॉपची एसएसडी (ज्यात सगळा डेटा असतो ती आतली डिस्क) गेली तेव्हा बॅकअप नव्हताच असं नाही, होता की, पेनड्राइव्हवर, 'टॅली नवीन', 'टॅली नवीन फायनल', 'टॅली फायनल २' (टॅली म्हणजे माझं हिशोबाचं सॉफ्टवेअर) असली फोल्डरं, आणि त्यातलं शेवटचं मार्चमधलं. नौपाड्यातल्या 7 दुकानांचे हिशोब मी घरून बघते, एप्रिलपासूनची बिलं परत मागवून एंट्र्या मारण्यात 11 दिवस गेले (एकाने तर भिजलेली बिलं पिशवीत गुंडाळून पाठवली, ती मी पंख्याखाली वाळवली). मग रागाच्या भरात एका रात्रीत व्हिडिओ बघून 4 बॅकअप सॉफ्टवेअर टाकली, चारही एकाच डिस्कवर. त्या रविवारी ते बघून तुम्ही हसला नाहीत, पहिले आभार त्याचे.

तुम्ही विचारलंत, "काय गेलं तर रडशील?" टॅली, आउटलुकची 9 जीबीची पीएसटी फाइल (सगळी मेल त्या एकाच फाइलीत) आणि बाबांचे फोटो. तेव्हा कळलं की विंडोजमधली 'फाइल हिस्टरी' ही बॅकअपची सोय, एखादी फाइल थोडी बदलली तरी ती अख्खी परत कॉपी करते, म्हणजे दोन मेल आली तरी नवीन 9 जीबी, आणि ब्लॉक लेव्हलवालं सॉफ्टवेअर फाइलमधले फक्त बदललेले तुकडे उचलतं.

इन्क्रिमेंटल बॅकअप मात्र तुम्ही माझ्याच भाषेत सांगितलंत. फुल बॅकअप म्हणजे ओपनिंग बॅलन्स, पुढे रोज फक्त त्या दिवसाच्या एंट्र्या, म्हणून जागा कमी लागते, पण मधलं एक पान फाटलं की पुढचा हिशोब लागत नाही. डिफरन्शियलमध्ये रोज ओपनिंगपासूनचं सगळं परत लिहायचं, जागा जास्त, पण दोनच पानं सांभाळायची. आणि काही सॉफ्टवेअर सगळ्यात जुनी एंट्री ओपनिंगमध्येच मिळवून टाकतात, त्यामुळे साखळी लांबत जात नाही. 15 वर्षं खातेवह्या लिहितेय, हे डोक्यात यायला तुम्ही लागलात!

मला मॅक्रियम फ्री हे बॅकअप सॉफ्टवेअर हवं होतं कारण जुन्या व्हिडिओत सगळे तेच सांगतात, पण त्याच्या फ्री एडिशनचा सपोर्ट 1 जानेवारी 2024 लाच संपला. तुम्ही स्वतः वापरता ते रेस्टिक कमांड लाइनवालं, म्हणजे सगळं टाइप करून चालवायचं, वर पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, माझ्यासारखीला ते नको हे तुम्हीच म्हणालात. शेवटी वीम एजंट या सॉफ्टवेअरची फ्री आवृत्ती घेतली, कारण ती जुने इन्क्रिमेंट फुलमध्ये मिळवते आणि बॅकअप झाला की डिस्क आपोआप इजेक्ट करायचा पर्याय आहे, म्हणजे उद्या रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तरी डिस्क जोडलेली नसेल. पहिल्या बॅकअपला 2 तास लागले, दुसऱ्या दिवशी 3 जीबीत आटोपलं.

पण खरं काम त्यानंतरचं. मी चहा पुढे केला, तुम्ही म्हणालात, "आधी रिस्टोअर करून दाखव, बॅकअपमधून परत आणून." टॅलीच्या फोल्डरचं नाव बदलायला लावलंत, कालचं फोल्डर परत आणायला लावलंत, कंपनी उघडून ट्रायल बॅलन्स जुळवायला लावलात, वर रिकव्हरी पेनड्राइव्हवरून (विंडोज बिघडलं तरी ज्यावरून लॅपटॉप चालू होतो) लॅपटॉप चालू करून बघितलात, तोवर चहा गार. आणि गेल्या महिन्यात माझ्या भाचीने खेळता खेळता चालू वर्षाचं फोल्डर उडवलं तेव्हा हात थरथरत होते खरे, पण काय दाबायचं ते पाठ होतं, 10 मिनिटांत सगळं जागेवर.

दुसरी डिस्क तुमच्या कपाटात ठेवू का विचारलं तर म्हणालात, "एकाच बिल्डिंगमध्ये ठेवून काय उपयोग?" म्हणून ती आता ऐरोलीला दादाकडे असते, महिन्यातून एकदा आणून अपडेट करते. वहिनीने ती देवघराच्या खणात ठेवलीय. रविवारी तिकडूनच येतेय, सोबत तिच्या हातची आळूवडी आणते, या वेळी चहा गरम प्यायचा.