रानटर्कीची शिकार आणि जुन्या बंदुकीची मर्यादा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील वसंत ऋतूतल्या टर्कीच्या शिकारीविषयी आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे आलेल्या लेखात, शंभर वर्षांपूर्वीच्या दुनळी बंदुका आणि टर्कीचा आवाज काढणारी हाडा-लाकडाची साधने घेऊन रानात जाणाऱ्या शिकाऱ्यांना ‘जुन्या वस्तूंचे शौकीन धनिक’ असे म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षे राहणारा आणि दर वसंतात अशीच बंदूक घेऊन डोंगरात जाणारा मराठी वाचक म्हणून मला हे विधान मान्य नाही. जुनी बंदूक आणि अशी साधने यांमुळे शिकाऱ्यावर एक मर्यादा येते, आणि टर्कीची संख्या अनेक राज्यांत पुन्हा घटत असताना ती मर्यादा मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे शिकार म्हटले की संस्थानिकांचे हाके आठवतात. ढोल-ताशांनी रान उठवायचे, जनावर मचाणासमोर आणायचे आणि वरून बार टाकायचा. टर्कीची शिकार याच्या अगदी उलट अंगाने चालते. पेनसिल्व्हेनियाच्या नियमांनुसार वसंताच्या हंगामात दबकत पक्ष्यावर चालून जाण्यास मनाई आहे. शिकाऱ्याने आवाज काढून पक्ष्याला आपल्याकडे बोलवायचे, एवढीच त्याला मुभा आहे. मारायचा तोही छातीवर केसांच्या झुपक्यासारखी ‘दाढी’ असलेला, म्हणजे जवळजवळ नेहमी नरच. निसर्गाचा क्रम असा, की नराने झाडावरून उतरून घोगरा खळखळाट करायचा आणि मादीने त्याच्याकडे जायचे. शिकारी मादीचा आवाज काढून हा क्रम उलटा फिरवू पाहतो, आणि म्हणूनच नर कितीदा तरी साठ-सत्तर यार्डांवर येऊन थबकतो, पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी नजरेस पडत नाही म्हणून निघून जातो. त्याची नजर अशी, की झाडाला पाठ लावून बसलेल्या माणसाने गुडघा हलवला तरी खेळ संपला.

आवाजाच्या साधनांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी कारागिरी तिथे आहे. बॉक्स कॉल म्हणजे सीडर, अक्रोड किंवा महोगनीची लांबट, वरून उघडी डबी. तिच्या दोन्ही कडा तासून पातळ केलेल्या असतात आणि वर एका स्क्रूवर फिरणारे, वल्ह्याच्या आकाराचे झाकण असते. सारंगीच्या गजाला राळ लावतात तसा झाकणाच्या पोटाला खडू घासायचा आणि झाकण कडेवरून हलकेच ओढायचे. आधी चिरका आणि लगेच खाली उतरणारा घोगरा, असा जोडस्वर उमटतो. तोच मादीचा ‘येल्प’. जोर किंचित जास्त झाला तर लाकूड किंचाळते आणि पलीकडच्या उतारावरचा नर गप्प होतो. आर्कान्सामधील डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये अशा डबीचे पेटंट घेतले, आणि आजच्या डब्यांची घडणही मूलतः तीच आहे. पावसात भिजली की ती मुकी होते, म्हणून जुने शिकारी ती पावाच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून खिशात ठेवतात. दुसरे साधन याहून कितीतरी प्राचीन आहे. टर्कीच्या पंखातील तीन हाडे उकळून, आतील मगज काढून, एकात एक बसवली की ‘विंगबोन’ तयार होतो. तो फुंकर घालून वाजत नाही, ओठ मिटून हवा आत ओढावी लागते. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून येथील मूळ रहिवासी हाडाच्या नळ्यांनी टर्कीला बोलावत आले आहेत. ही साधने बाजारातून आणता येतात, पण कोणता सूर कधी काढावा आणि केव्हा साफ गप्प बसावे, हे ज्याचे त्यालाच रानात शिकावे लागते.

आता बंदुकीविषयी. कनेक्टिकटमधील मेरिडन येथील पार्कर, फिलाडेल्फियातील फॉक्स, न्यूयॉर्क राज्यातील एल. सी. स्मिथ यांच्या दुनळ्या किंवा १९१२ पासून निघालेली विंचेस्टरची मॉडेल १२ ही पंप बंदूक अशी नावे शिकाऱ्यांच्या बोलण्यात सतत येतात. कोरीव काम केलेली पार्कर धनिकांच्याच कपाटात असते, हे खरे. परंतु माझ्या ओळखीतील बहुतेकांच्या हातात आजोबांकडून आलेली साधी, दस्त्यावर ओरखडे पडलेली बंदूक आहे आणि ती आजच्या नव्या अर्ध-स्वयंचलित बंदुकीपेक्षा स्वस्त पडते.

अशी बंदूक वापरायची तर जबाबदारीही मोठी. डमास्कस नळ्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून आणि ठोकून जोडलेल्या असतात. त्या बंदुकीच्या काळ्या दारूच्या, म्हणजे कमी दाबाच्या काडतुसांच्या काळातल्या आहेत. त्यांत आजचे जोरदार काडतूस घालणे म्हणजे आपला डावा हात पणाला लावणे. पोलादी नळीच्या जुन्या बंदुकांतही कोठी, म्हणजे काडतूस बसते ती जागा, अडीच इंचांच्या आसपास असू शकते. आजचे पावणेतीन इंची काडतूस तिच्यात निमूट बसते, कारण ही लांबी उडालेल्या काडतुसाची मोजतात. पण बार उडताच त्याचे तोंड उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. म्हणून जाणत्या बंदूक-कारागिराकडून कोठीची लांबी आणि नळीच्या भिंतीची जाडी मोजून घेतल्याशिवाय जुन्या बंदुकीतून बार काढू नये. लोखंडी छर्रेही या मऊ नळ्यांना आणि त्यांच्या आवळ चोकला, म्हणजे नळीच्या तोंडाशी अरुंद केलेल्या भागाला, सोसत नाहीत. शिसे नको असेल तर बिस्मथ वापरावा. मांस घरातील मुले खाणार असतील तर मी शिशापेक्षा तोच पसंत करतो.

माझा मुख्य मुद्दा या छर्र्यांपाशी येतो. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पट, तर आज मिळणाऱ्या टंगस्टनच्या छर्र्यांची जवळपास अठरा पट. जड असल्याने लांबवर जोर टिकवणारे हे बारीक छर्रे आणि दुर्बीण लावलेली बंदूक यांच्या बळावर पन्नास यार्डांपलीकडचा नरही टिपला जातो, म्हणजे जो थबकून परत फिरणार होता तोच. काही जण तर टर्कीचा पिसारा हातात धरून त्याआडून सरपटत नरावर चाल करतात. ही पद्धत पक्ष्याला अन्यायाची आहेच, शिवाय पिसाऱ्याच्या दिशेने दुसरा शिकारी गोळी झाडू शकतो, हा धोका वेगळा. जुनी दुनळी आणि हाडाची नळी घेऊन बसलेल्याला पक्षी तीस यार्डांच्या आत येईपर्यंत थांबावेच लागते. आला नाही, तर तो जिवंत राहतो. जुन्या बंदुकीने पक्षी घायाळ होऊन निसटतात, हा आक्षेप मी मनावर घेतो. पण तसे होते ते बहुधा अंतराचे भान सुटल्यामुळे, आणि हे भान सर्वांत अधिक त्यालाच ठेवावे लागते ज्याची बंदूक लांब पोहोचत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. मॅसॅच्युसेट्समधील शेवटची रानटर्की १८५१ मधली. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडण्याचा प्रयोग पेनसिल्व्हेनियासह अनेक राज्यांत फसला, कारण त्यांना रान ठाऊकच नव्हते. खरी वाढ झाली ती तोफेने उडवायच्या जाळ्यांत रानातलेच पक्षी पकडून दुसरीकडे सोडल्यावर. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून आणलेल्या ३७ पक्ष्यांपासून आजचे हजारो पक्षी झाले. या कामाला १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवर बसणाऱ्या कराचा मोठा आधार मिळाला. जुनी बंदूक विकत घेताना तो कर लागत नाही, पण तिच्या काडतुसांवर आजही लागतो.

आता मात्र आग्नेय व मध्य-पश्चिम भागांत पिल्ले जगण्याचे प्रमाण घसरले आहे. अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी या राज्यांनी गेल्या काही वर्षांत माणशी मारता येणाऱ्या पक्ष्यांची संख्या कमी केली आणि हंगामही उशिरा सुरू केला. अधिवास, अंडी खाणारे रॅकूनसारखे प्राणी, ओला वसंत, प्रबळ नर लवकर मारले जाणे, अशा अनेक कारणांवर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. सगळ्यांनी जुन्या बंदुका घेतल्या की टर्की वाढतील, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण जी गोष्ट शिकाऱ्याच्या हातात आहे, ती म्हणजे बार किती अंतरावरून टाकायचा, आणि तिथे हे लोक स्वतःहून कमी घेतात. त्यांना शौकीन म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर घातलेली बंदी योग्य आहे आणि ती सैल व्हावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. हे पत्र केवळ अमेरिकेतील परिस्थितीपुरते आहे. जागेअभावी पत्रातील काही भाग गाळावा लागला, तर जुन्या नळ्या व कोठीच्या लांबीविषयीचा मजकूर कृपया गाळू नये. महाराष्ट्रात ज्यांच्या घरी वडिलोपार्जित दुनळी परवान्यावर ठेवलेली आहे, त्यांनाही तो इशारा तितकाच लागू आहे.

आपला नम्र,
एक वाचक
पेनसिल्व्हेनिया, अमेरिका