पहिल्या ज्योतीचा "हो"

ठाणे,
३० डिसेंबर २०२४

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. यंदा आपल्या ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याची २५, म्हणजे हनुक्काचा पहिला दिवस, आणि डिसेंबरची २५ एकाच संध्याकाळी आली, तू वसतिगृहात पहिली ज्योत लावलीस, खोलीतल्या मैत्रिणीने "हा तुमचा ख्रिसमस का?" असे विचारले आणि समजावण्याचा कंटाळा येऊन तू "हो" म्हणून मोकळी झालीस. मी तुला दोष देत नाही. कचेरीत मीही इतकी वर्षे "ज्यूंची दिवाळी" असे सांगूनच सुटत आले आहे.

कोकणात आपल्या बेने इस्रायली ज्यू लोकांना शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी ते बंद ठेवीत. गंमत अशी, की एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याच्या चमत्काराचा हा सण त्या तेल्यांना ठाऊकच नव्हता. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आलेले आपले पूर्वज मक्काबी या ज्यू बंडखोरांनी इ. स. पू. १६४ मध्ये जेरुसलेमचे मंदिर शुद्ध करण्याआधीच (त्याचीच आठवण म्हणजे हा सण) देश सोडून निघाले होते, असे आपल्याकडे मानतात; हनुक्का आपण पुढे बाहेरून आलेल्या धर्मबांधवांकडून शिकलो. तेव्हा तुझ्या मैत्रिणीला तो माहीत नसल्याचा राग निदान आपण तरी धरू नये.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा. हनुक्कात काम वर्ज्य नाही, त्यामुळे रजा मागायला तोंड नसते; पण शुक्रवारी या ज्योती शब्बाथच्या दिव्यांआधी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी लावाव्या लागतात. गेल्या शुक्रवारी मी चार वाजता निघायची परवानगी मागितली, तर साहेब म्हणाले, "तुमचा सण बुधवारीच झाला ना?" आठ दिवसांचा सण असतो हे मी त्यांना गेल्या वर्षीही सांगितले होते. राज्य सरकारने २०१६ मध्ये आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी तुझ्या प्रवेशअर्जात धर्माच्या रकान्यात आपण "इतर" वरच खूण केली, हे तुला आठवत असेल.

सर्वांत जास्त खुपते ती खिडकी. ज्योती येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसाव्यात असा रिवाज आहे, आणि माझ्या लहानपणी त्या रस्त्याकडच्या खिडकीतच असत. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला आणि त्या वर्षी तुझ्या आजीने हनुक्किया, म्हणजे या ज्योतींची दीपदाणी, उचलून आतल्या मेजावर नेली. धोक्याच्या काळी तशी मुभा आहे, हे मान्य. पण तो काळ संपला असे आपल्याला कोणी येऊन सांगत नाही, आणि सोळा वर्षे ती मेजावरच आहे.

आगीच्या भीतीने रेक्टरबाईंनी तुझी ज्योत विझवायला लावली, त्यावर वाद घालू नकोस. बाईंचे म्हणणे चुकीचे नाही. परवा, बुधवारी, आठवी ज्योत आहे. जमल्यास घरी ये, त्या मैत्रिणीलाही घेऊन ये, आणि तो "हो" वाटेत तूच दुरुस्त कर. खोबरेल तेलाचे पेले मी घासून ठेवले आहेत. यंदा हनुक्किया पुन्हा खिडकीत ठेवावी असे मला वाटते; तुझ्या बाबांना ते पसंत नाही. तू आलीस तर आपण दोघी एका बाजूला होऊ.

तुझी,
आई