चौकडीतला व्हायोला ऐका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तंतुवाद्यांची चौकडी (दोन व्हायोलिन, त्यांच्याहून थोडा मोठा आणि खालच्या सुराचा व्हायोला, आणि खर्जाचा चेलो) आणि जॅझ एकत्र आणणे म्हणजे ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’, असे एका वाचकाने आपल्याकडे लिहिले आहे. मी आयुष्यभर ताडदेव-वांद्र्याच्या स्टुडिओंत व्हायोला वाजवला. पोटापाण्यासाठी, समोरच्या कागदावर असेल तेवढेच. म्हणून चार शब्द.

पहिली गोष्ट, मुंबईला हे नवे नाही. चिक चॉकलेटसारखे गोवेकर वादक ताज हॉटेलात जॅझ वाजवत आणि सिनेमाची गाणीही सजवत. पण तिथे व्हायोलिनवाले आम्ही नोटेशनला बांधलेलेच. परदेशातही तेच. अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झच्या १९६१ च्या ‘फोकस’ या अल्बममध्ये संगीतकार एडी सॉटरने तंतुवाद्यांचे सगळे लिहून दिले आणि गेट्झच्या सॅक्सोफोनला मोकळे सोडले. फारच सुंदर काम, पण उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवणे, एकट्या गेट्झची. चौकडीनेच उपज करायची, हे व्हायोलिनवादक डेव्हिड बालकृष्णन यांच्या अमेरिकेतल्या टर्टल आयलंड चौकडीने १९८५ पासून मनावर घेतले.

अडचण खरी कुठे आहे सांगतो. पाश्चात्त्य शिस्तीत गज बहुधा ठोक्यावर पलटतो. जॅझचा झोल, म्हणजे ‘स्विंग’, आणायचा तर ठोक्याच्या अलीकडचा सूर पुढच्या ठोक्यात त्याच गजाने ओढून न्यावा लागतो, म्हणजे वजन आडमात्रेवर, दोन ठोक्यांच्या मध्ये, पडते. वीस वर्षांची सवय मनगटाला हे करूच देत नाही! शिवाय ड्रम नाही. मग चेलोवाला गज बाजूला ठेवून बोटांनी चार-चारच्या चालीत खर्ज चालवतो, आणि व्हायोला गजाचा मुठीकडचा भाग तारांवर आपटून कोरडा ‘चक्’ काढतो. याला ‘चॉप’ म्हणतात. व्हायोलिनवादक रिचर्ड ग्रीन यांच्याकडून तो टर्टल आयलंडच्याच डॅरोल अँगर यांनी उचलला आणि चौकडीत आणला. त्यावर पहिला व्हायोलिनवाला मोकळा सुटतो. आपल्या तालासारखे इथेही आवर्तन असते, फक्त त्यात मात्रांबरोबर कॉर्डही, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, सरकत असतात. एकाने कॉर्ड चुकवली की चौघेही उघडे पडतात. याला जुगलबंदी म्हणू नये. इथे साथीदारालाही दर आवर्तनात नवे काही सुचावे लागते, आणि टाळ्या मात्र पहिल्या व्हायोलिनला.

पत्रलेखकाची निराशा मी समजू शकतो. ठाण्यातल्या अशाच एका कार्यक्रमात मीही निराश झालो. प्रत्येक वाद्याला माइक, वर एको भरमसाट. चॉप म्हणजे पत्र्यावर पडलेला पाऊस, चेलोचा खर्ज पार गिळलेला, व्हायोला तर दिसत होता एवढेच. दोष संगीताचा नव्हता, ध्वनिव्यवस्थेचा होता. लग्नाच्या हॉलची सवय, दुसरे काय.

आयोजकांना विनंती एवढीच, की असल्या कार्यक्रमाला हजार खुर्च्यांचा सोस नको. ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहातले मिनी थिएटर घ्या, माइक बंद ठेवा किंवा एकच लांबून लावा, आणि चौघांना अर्धवर्तुळात, एकमेकांचे गज दिसतील असे बसवा. तिकीट थोडे महाग झाले तरी चालेल. पत्रलेखकांनीही यावे, फक्त मागच्या रांगेत बसू नये.

– एक निवृत्त व्हायोलावादक, नौपाडा, ठाणे