फोनमधील जागेची अडचण सोडवणाऱ्या सहकाऱ्यास आभारपत्र

सन्माननीय सहकारी यांस,
सप्रेम नमस्कार.

‘स्टोरेज भरले आहे’ ही सूचना माझ्या फोनवर दिवसातून चार-चार वेळा झळकू लागली होती आणि कॅमेरा उघडला तरी फोटो निघत नव्हता, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत एकेक जुना फोटो पुसत बसलो होतो. आपण शेजारच्या टेबलावरून उठून आलात, ‘पुसू नका, आधी बाहेर काढू’ एवढेच म्हणालात आणि पिशवीतून एक छोटा ओटीजी अडॅप्टर (फोनला पेनड्राइव्ह जोडता यावा म्हणून मध्ये लावायचा जोड) काढून माझ्यापुढे ठेवलात. त्यानंतरच्या दोन संध्याकाळी आपण मला जे समजावून सांगितलेत, त्याबद्दल तोंडी आभार मानून माझे समाधान झाले नाही. शिवाय माझ्यासारखे पुसत बसलेले इतरही पुष्कळ असणार, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

पेनड्राइव्ह केवळ संगणकालाच जोडता येतो, अशी माझी समजूत होती. फोनलाच संगणकासारखा यजमान करून त्याला पेनड्राइव्ह जोडू देणारी ही सोय अँड्रॉइडमध्ये २०११ पासून आहे आणि आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्येही २०१९ पासून बाहेरचा ड्राइव्ह उघडता येतो, हे आपल्याकडून ऐकून मी जरा ओशाळलोच. माझ्या फोनमध्ये तर ओटीजीची कळ सेटिंगमध्ये बंद होती. ती चालू करेपर्यंत पेनड्राइव्ह जोडूनही काहीच दिसत नव्हते.

खरा पेच पडला तो मुलीच्या नृत्याच्या चित्रफितीमुळे. सत्तेचाळीस मिनिटांची ती फाइल सहा जीबीच्या आसपास होती, पेनड्राइव्हवर पन्नास जीबी मोकळे होते, आणि तरीही ती प्रत्येक वेळी जागा अपुरी असल्याचे कारण देऊन अडत होती. पेनड्राइव्ह बिघडला असे ठरवून मी तो परत करायला निघालो होतो. आपण त्याची माहिती उघडून दाखवलीत: त्याची फाइली साठवण्याची मांडणी फॅट३२ नावाच्या पद्धतीची होती आणि त्या पद्धतीत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा असल्यामुळे एकच फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, मग बाकीचा पेनड्राइव्ह कितीही रिकामा असो. उपाय चार जीबीची ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करण्याचा, म्हणजे मांडणी नव्याने करण्याचा होता, पण काही जुने फोन एक्सफॅट ओळखत नाहीत म्हणून आपण आधी माझ्या फोनची खात्री केलीत, आणि फॉरमॅटमध्ये सगळे पुसले जाते म्हणून तोवर पेनड्राइव्हवर गेलेले अकरा जीबी फोटो संगणकावर उतरवून घेतलेत. मी एकटा असतो तर सरळ ‘फॉरमॅट’ दाबून मोकळा झालो असतो.

त्यानंतर ६४ जीबीच्या त्या पेनड्राइव्हवर संगणकाने ५९ जीबीच दाखवले, तेव्हा मला पुन्हा संशय आला. त्यालाही कारण होते. पूर्वी मी फार स्वस्तात एक टीबीचा म्हणून घेतलेला पेनड्राइव्ह आपण काठोकाठ भरून तपासला होता, आणि पहिले तीसेक जीबी सोडले तर त्यावरची एकही फाइल उघडली नव्हती. आतली चिप छोटी होती आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर खोटी क्षमता सांगत होता. या वेळी मात्र फरक मोजण्यातला निघाला: बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात, तो संगणक १०२४ च्या पटीने.

‘हलवा’ ऐवजी ‘कॉपी करा’ हा आपला आग्रह सुरुवातीला मला वेळखाऊ वाटला होता. कॉपी करायची, पेनड्राइव्हवरच्या फाइली तिथूनच उघडून पाहायच्या, पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून (काढत असल्याचे फोनला आधी सांगून) काढायचा, पुन्हा जोडून पुन्हा पाहायच्या, आणि मगच फोनमधून पुसायच्या, हा क्रम आपण माझ्याकडून तीनदा करवून घेतलात. पडद्यावर काम संपलेले दिसले तरी शेवटची माहिती अजून लिहिली जात असू शकते, हे कळल्यापासून मी पेनड्राइव्ह उपटत नाही.

पुसूनही जागा वाढेना, तेव्हा गॅलरीतील कचरापेटी आपणच दाखवलीत. तिथे पुसलेले फोटो साधारण तीस दिवस तसेच जागा अडवून बसलेले असतात. व्हॉट्सॲपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये पाठवलेल्या चित्रफितींच्या प्रती साडेसात जीबी निघाल्या, आणि त्यातली एकही मला हवी नव्हती. क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीच्या खात्याशी, जोडलेल्या ॲपमधून पुसलेला फोटो खात्यातूनही जातो, ही सूचना तर अगदी वेळेवर मिळाली. माझे बोट तिथेच होते.

आईच्या हस्तलिखित वहीच्या पानांचे फोटो मी आता दोन ठिकाणी ठेवले आहेत. पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते व वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार हळूहळू गळू शकतो, असे आपण सांगितल्यामुळे दुसरी प्रत हार्ड डिस्कवर आहे, आणि दोन्ही उघडून पाहण्यासाठी दर सहा महिन्यांची आठवण फोनमध्ये लावली आहे. फोनमध्ये आज एकतीस जीबी मोकळे आहेत. आपला अडॅप्टर मात्र अजून माझ्याच खणात आहे. तो सोमवारी आणून देतो.

आपला कृतज्ञ,
शेजारच्या टेबलावरचा सहकारी