पासविरोधी लढा शार्पव्हिलच्या आधीचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी कायद्यांविषयीचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीयांना परवान्याचे 'पासबुक' सतत जवळ बाळगायला लावणाऱ्या पास कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराचे आणि त्यात बळी पडलेल्या ६९ जणांचे वर्णन त्यात नेमके आले आहे. मात्र पास कायद्याविरुद्धचा लोकांचा लढा जणू त्याच दिवशी सुरू झाला, असा समज लेख वाचून होतो आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

१९५२च्या ज्या कायद्याने हे पासबुक सक्तीचे केले, त्याच्या शीर्षकात, गंमत म्हणजे, पास 'रद्द' करण्याचा उल्लेख होता. प्रत्यक्षात जुने वेगवेगळे परवाने एकत्र करून प्रत्येक कृष्णवर्णीय प्रौढ पुरुषाच्या खिशात एक पुस्तिका देण्यात आली. तिच्यात छायाचित्र, कर भरल्याची नोंद आणि दरमहा मालकाची सही असे. पोलिसाने मागताच ती दाखवता आली नाही, मग ती घरी विसरलेली का असेना, तर अटक ठरलेली. शहरात राहण्याचा हक्क सिद्ध न करू शकणाऱ्याला तेथे ७२ तासांपेक्षा अधिक काळ थांबण्यास मनाई होती. पुरुष हे आधीपासूनच भोगत होते. स्त्रियांवरही सक्ती येणार म्हटल्यावर, रस्त्यात पकडून नेलेल्या आईच्या तान्ह्या मुलाकडे कोण पाहणार, हा प्रश्न घरोघर उभा राहिला.

या विरोधाला आधीची परंपराही होती. १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनच्या स्त्रियांनी पास बाळगण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला होता. पुढे १९५६च्या मार्चमध्ये विनबर्ग या लहानशा गावातील स्त्रियांनी नुकतीच हाती पडलेली पासबुके जाळून टाकली आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियात सरकारच्या मुख्य इमारतीपुढे जमल्या. मिरवणुकीला बंदी असल्यामुळे त्या दोघी-दोघी, तिघी-तिघी अशा चालत गेल्या. कित्येकींच्या पाठीशी स्वतःची मुले बांधलेली होती, तर काही मोलकरणींबरोबर मालकिणीची गोरी मुलेही होती. लिलियन एनगोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स या चौघींनी सह्यांच्या अर्जांचे गठ्ठे पंतप्रधान स्ट्रायडम यांच्या कार्यालयात नेऊन ठेवले. ते भेटले नाहीत. मग जमलेल्या सगळ्या जणी अर्धा तास एक अक्षरही न बोलता उभ्या राहिल्या. कृष्णवर्णीय, भारतीय वंशाच्या, मिश्रवंशीय आणि गोऱ्या स्त्रियांनी एकत्र येणे हेच मुळी त्या राजवटीच्या विभागणीला दिलेले आव्हान होते, आणि माझ्या मते त्या दिवसाचे खरे महत्त्व यातच आहे.

सरकार नमले नाही, हे खरे. १९५८ मध्ये जोहान्सबर्गला हजाराहून अधिक स्त्रियांना अटक झाली, १९६३ पासून त्यांच्यावरही पासबुकाची सक्ती लागू झाली आणि हे कायदे रद्द व्हायला १९८६ साल उजाडले. परंतु अपयश आले म्हणून आंदोलन इतिहासातून गाळायचे, तर शार्पव्हिलही गाळावे लागेल, कारण तेथील बलिदानानंतर सरकारने काही दिवस शिथिल केलेली पासची अंमलबजावणी लवकरच पुन्हा सुरू केली होती.

आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाचे अध्यक्ष आल्बर्ट ल्युटुली यांनी शार्पव्हिलनंतर आपले पासबुक जाहीरपणे जाळले, याची नोंद लेखात आवर्जून घेतली आहे. विनबर्गच्या स्त्रियांनी तेच चार वर्षे आधी केले होते, हेही वाचकांपर्यंत पोहोचावे, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक