वहीतल्या मराठी आकड्यांबद्दल, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

धाकट्याच्या हातात जर्मनीतल्या खोलीची किल्ली आली त्या दिवसापासून आई मागे लागली आहे, काकांना आभाराचं पत्र लिही. फोनवर तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत.

तुमची गाठ पडण्याआधी नागपुरात धरमपेठेतल्या एका एजंटाच्या गारेगार ऑफिसात आई-बाबांच्या हातात एक कागद ठेवला गेला होता. २० लाख कर्ज आणि त्यावर पूर्ण हप्ता, तोही पहिल्या महिन्यापासून. बाबांनी त्याच्या चार घड्या करून तो खिशात घातला आणि दोन महिने घरात हा विषय निघाला नाही. शैक्षणिक कर्ज तसं चालत नाही हे सांगायला तिथे कुणाला वेळ नव्हता, खासगी कॉलेजचं माहितीपत्रक द्यायला मात्र होता. (सरकारी विद्यापीठ एजंटाला सहसा कमिशन देत नाही, हे नंतर तुमच्याकडून कळलं.) आणि एपीएस प्रमाणपत्र (इथल्या पदव्या-गुणपत्रिका तपासून मिळणारं), जे १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाच्या अर्जाला सक्तीचं आहे, ते त्यांच्या यादीत सगळ्यात खाली!

तुम्ही घरी आलात त्या संध्याकाळी खर्चाचा छापील तक्ता टेबलावर होता. आईने तो एकदा पाहिला आणि बाबांकडे सरकवला. तुम्ही काही बोलला नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलंत, तिथे तिने दुधाचा हिशेब मराठी आकड्यांत मांडलेला होता. मग एक कोरी वही मागितलीत आणि सगळा तक्ता मराठी आकड्यांत उतरवून काढलात, रेघा पट्टीने मारून. चहा गार झाला.

वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यात. युरो १०० रुपये धरला तर ११,९०,४००. खाली तांबड्या शाईत: भाव १० रुपयांनी चढला तर आणखी १,१९,०४०. आजी म्हणाली, "आपलेच पैसे, अन् आपल्यालेच बंद?" तुम्ही म्हणालात, "आजी, दर महिन्याला ९९२ सुटतात. तुमच्या पेन्शनसारखं." तिचं समाधान झालं. आम्हाला ते जमलं नव्हतं.

मग कर्जाचं पान. मंजुरी २० लाखांची असली तरी व्याज फक्त उचललेल्या रकमेवर. १२ लाख उचलले, दर १० टक्के धरला, तर महिन्याला १०,०००. शिक्षणाची दोन वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही. पण तेवढे ३६ महिने व्याज भरलं नाही तर ३,६०,००० होतं आणि मुद्दलात जाऊन बसतं. भरत राहिलं तर मुद्दल १२ लाखच. ही ओळ आईने बोट ठेवून दोनदा वाचली.

आणि तिने तुम्हाला अडवलं. "भाऊ, खोलीचं डिपॉझिट कुठं धरलं?"

तुम्ही पेन खाली ठेवलात. खरंच धरलं नव्हतं. हीटिंग वगैरे सोडून जे नुसतं भाडं असतं, त्याच्या तिप्पट डिपॉझिट घरमालक तिथे कायद्याने मागू शकतो. ३५० भाडं असेल तर १,०५०. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला सुटणार ९९२, तेही तिथलं चालू खातं उघडल्यावर. म्हणजे पहिला महिना हातातल्या पैशावर. तुम्ही नवी ओळ टाकलीत: डिपॉझिट १,०५०, भाडं ३५०, खाणं-पिणं २५०, एकूण १,६५० युरो, फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन भरलेल्या कार्डावर) वेगळे. त्याच्यासमोर कंसात लिहिलंत, "चूक वहिनींनी काढली."

काका, एवढी एक ओळ. दुसऱ्या दिवशी कर्जाला तारण ठेवायच्या प्लॉटची फाइल कपाटातून तिनेच काढली. प्लॉट तिच्याच नावावर आहे आणि तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

फाइलीचंही तेच. आधी बँकेच्या एका शाखेने तीन खेपांत तीन वेगळे कागद मागितले. तुम्ही खरेदीखत चाळलंत आणि म्हणालात, लेआउट शेतजमिनीवर पडलेला आहे, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर, म्हणजे प्लॉटला मान्यता असल्याचं पत्र, नसेल तर बँकेचा वकील मालकीचा ३० वर्षांचा सर्च करून शेवटी इथेच थांबेल. आधी ते आणा, मग मंजूर नकाशा, मग कराची पावती. पहिल्याच खेपेला कुणी हे सांगितलं असतं तर? सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं देणारी माणसं शहरात कमी नसतील, पण आमच्या वाट्याला तुम्हीच पहिले आलात.

वही आता आईच्या ताब्यात आहे. तिथे राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या वर्षाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात, हे तिने लक्षात ठेवलंय. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यातले तिने ७० च धरलेत, परीक्षा असतात म्हणून. पान आखून झालं आहे, पण आरोग्य विम्याच्या आकड्यावर तिचा विश्वास नाही. रविवारी अकराला आम्ही वही घेऊन येतोय. चष्मा जवळ ठेवा.

तुमची,
धाकट्याची ताई