स्नेकच्या दारातून

ॲबर्डीन,
२२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं आणि शनिवारी पहाटेच मी डोंगराला निघालो, त्यामुळे दिवसभर तेच डोक्यात होतं. मनू श्रावणात दोन मैत्रिणींना घेऊन सायकलवर रतनवाडीला गेली, रतनगड करून रात्री दहाला घरी पोचली, वहिनी तोवर ओट्यावर बसून होत्या, आणि नंतर दोन दिवस तुमचं बापलेकीचं बोलणं बंद. "तुझं ती ऐकेल, म्हणावं असले उद्योग पुरे," असं तू लिहितोस. बंड्या, ते मला लिहिता येणार नाही. पन्नाशी उलटल्यावर मी इथे तेच करतोय. पण तुझी काळजी खोटी नाही, आणि शनिवारी जे झालं त्यानंतर तिला काय सांगायला हवं ते मला नीट उमगलंय. म्हणून हे लांबलचक पत्र. दिवाळीचा फराळ संपायच्या आत तुला मिळावं एवढीच इच्छा.

आधी इथला प्रकार सांगतो. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरचे, म्हणजे ९१४ मीटरच्या वरचे डोंगर 'मन्रो' म्हणून ओळखले जातात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये त्यांची यादी छापली, त्यांचं नाव चिकटलं. आज ती संख्या २८२ आहे. यातले कितीतरी डोंगर रस्त्यापासून इतके आत आहेत की पायथ्याला पोचेपर्यंतच अर्धा दिवस जातो. आपल्याकडे कसं, पाचनई असो की बारी, पायथ्याला गाव असतंच, कुणी ना कुणी पाणी विचारतं. इथे पंधरा-पंधरा किलोमीटर माणूस नाही, घर नाही. शिकारीसाठी जमीनदारांनी केलेले खडीचे रस्ते मात्र आत आत गेलेत. त्यांवर आपल्याला गाडी नेता येत नाही, सायकल नेता येते. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने खासगी डोंगरातूनही पायी किंवा सायकलने जायचा हक्क सगळ्यांना दिलाय, जबाबदारीने वागायची अट घालून. त्यामुळे इथले लोक सायकलने आत जातात, रस्ता संपला की ती झुडपात टाकतात, पायी चढतात, उतरून पुन्हा सायकलवर बसतात. आपण ९४ साली अकोल्याहून सायकलने रतनगडला जाऊन जे केलं, तेच.

माझ्यासोबत वरच्या मजल्यावरचे काका होते. वय ६८, जन्मभर टपाल वाटलं, तेही बराच काळ सायकलवरूनच. आम्हाला जायचं होतं बेन ॲव्हनला. लिहितात ॲव्हन, म्हणतात 'आन'. उंची ११७१ मीटर. कळसूबाई १६४६ आहे म्हणून या आकड्याला कमी लेखू नकोस. हा डोंगर ५७ अंश उत्तरेला. वरती झाड नाही, भिंत नाही, नुसतं ग्रॅनाइटचं उघडं पठार, मैलोगणती. जवळचं गाव ब्रेमार. तिथे १८९५ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये पारा उणे २७.२ पर्यंत उतरला होता. पलीकडच्या केर्नगॉर्म शिखरावरच्या यंत्राने २० मार्च १९८६ ला ताशी २७८ किलोमीटरचा वारा मोजलाय. तसा दिवस रोज नसतो, पण डोंगर तोच.

सकाळी आठला ब्रेमारजवळच्या कीलॉकहून निघालो. बारीक पाऊस, आपल्या आषाढातल्या भुरभुरीसारखा, पण बोटाला चावणारा. काकांनी जाकीट काढून पिशवीत घातलं आणि पातळ सदऱ्यावर निघाले. मी म्हटलं, भिजाल. ते म्हणाले, "निघताना थंडी वाजली पाहिजे." मला ते पटलं नाही. मी पूर्ण बंद जाकिटात पॅडल मारत सुटलो. पहिल्या चढावरच पाठीवर घामाची धार लागली. बंड्या, सायकलची ही गोष्ट पायी चालणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चढावर माणूस भट्टीसारखा तापतो आणि उतरून चालायला लागला की दहा मिनिटांत आतला ओला कपडा अंगाला बर्फासारखा चिकटतो. ते पावसाचं पाणी नव्हतं, माझं मीच तयार केलेलं होतं. वर वाऱ्यात मला हुडहुडी भरली ती त्या घामामुळे. काकांनी सायकल ठेवल्यावर ओला सदरा काढला, पिशवीतला कोरडा लोकरी कपडा घातला, वर जाकीट चढवलं आणि निवांत चालू लागले.

सात-आठ किलोमीटरवर ग्लेन स्लुगनची अरुंद घळ लागते. तिथे जुन्या शिकारी बंगल्याच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. त्याच्या थोडं पुढे सायकली आडव्या केल्या. पुढेही थोडी रेटता आली असती, पण वरची जमीन फार नाजूक. शेवाळाचा गालिचा असतो, ओल्यात त्यावरून एकदा टायर गेला की चाकोरी पडते आणि वर्षानुवर्षं बुजत नाही. सीटवर मी लक्ष्मी रोडवरच्या एका कापडदुकानाची पिशवी गुंडाळली. आईच्या शेवटच्या साडीबरोबर आलेली, अजून टिकलीय. काकांनी मात्र एक काम केलं ते बघून ठेव. एका डब्यात कोरडे जाड हातमोजे आणि चॉकलेट भरून तो डबा सायकलच्या दांड्याला बांधून तिथेच ठेवला. मी विचारलं, हातमोजे इथे कशाला, गरज वर लागेल. ते काही बोलले नाहीत.

धुक्यात नर हरणं ओरडत होती. त्यांच्या माजाचा हंगाम आहे हा. आवाज कसा सांगू? गोठ्यातला बैल आणि जुनी मोटार, दोन्ही एकदम खाकरल्यासारखा. दिसत एकही नव्हतं, पण दरीच्या दोन्ही अंगांनी एकमेकांना आव्हान चाललेलं. शिखरावर जो मोठा खडक आहे त्याचं गेलिक नाव ऐकलंस तर तुला आवडेल, 'पिवळ्या हरणाचं अंथरूण' असा त्याचा अर्थ होतो.

क्लाख अ क्लेरिख म्हणून एक घराएवढा धोंडा आहे, त्याच्या आडोशाला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वारा उत्तरेचा आणि आम्ही डोंगराच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथवर सगळं शांत वाटत होतं. अंदाजात वारा साठ, दुपारपर्यंत ऐंशी असं दिलं होतं. साठाचा ऐंशी म्हणजे थोडासाच वाढला असं वाटतं ना? पण वाऱ्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, साठाचा ऐंशी झाला तरी जोर जवळजवळ पावणेदोनपट. आणि पुढे होती 'स्नेक'. बेन ॲव्हन आणि शेजारचा बेन अ वूर्ड यांच्यामधली खिंड, ९७० मीटरवर. स्कॉट्स भाषेत स्नेक म्हणजे दाराची कडी.

तुला रतनगडचं नेढं आठवतं? त्या भोकातून वारा कसा यायचा, तू माझा पट्टा धरून बसला होतास? स्नेक म्हणजे तसलंच नेढं, फक्त वरून उघडं. मागच्या कड्यांवरून दाबून आलेला सगळा वारा त्या एका फटीतून निघतो. शेवटची वीस पावलं मी हातांवर चढलो. डोकं वर काढलं तर गारा आणि पाऊस आडवे येत होते, चष्म्यावर टाचणीसारखे टोचत होते. उभा राहिलो आणि वाऱ्याने उचलून दोन पावलं मागे ठेवला मला. बारा वाजले होते. शिखर तिथून दोन-अडीच किलोमीटर, चढ थोडाच उरलेला. अंधार पडायला सहा तास बाकी. मी काकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, वेळ भरपूर आहे, सायकली आहेत, परतीचा रस्ता तासाभराचा.

ते खाली बसले, मलाही बसवलं, आणि हाताने कडी लावल्याची खूण केली. बस. वळलोच आम्ही.

खाली धोंड्याशी आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मनूसाठी लिहितोय. नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये हिशेब मांडून दिला, तो इथे अजून वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने सायकलीमुळे आमचे दीड-दोन तास वाचत होते, हे खरं. काकांचं म्हणणं, ते वाचलेले तास मी खिशातले पैसे समजून खर्च करायला निघालो होतो. पण सायकल हाणली ती याच मांड्यांनी. घड्याळात दोन तास जास्त होते, पायांत नव्हते. आणि दुसरं त्याहून मोठं. पुढे पठारावर जर दिशा चुकली असती, किंवा वारा अंगावर घेऊन परत येणं अशक्य झालं असतं, तर शहाणपण वाऱ्याला पाठ देऊन मिळेल त्या बाजूने उतरण्यात होतं, मग ती दरी आपली असो नसो. "तू उतरला असतास?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. नसतो उतरलो. सायकल इकडे होती ना. तिच्याकडेच यायला बघितलं असतं.

ते स्वतः तरुणपणी एकदा असेच उलट्या बाजूला उतरले होते. सायकल आठवडाभर डोंगरात राहिली. "ती वस्तू आहे, तिला थंडी वाजत नाही," एवढंच म्हणाले. याच रांगेत पश्चिमेच्या पठारावर नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबराची पाच शाळकरी मुलं आणि त्यांच्याबरोबरची अठरा वर्षांची शिकाऊ प्रशिक्षिका बर्फाच्या वादळात गेली. काका तेव्हा जेमतेम मोठे होत होते. ती बातमी ते अजून आवाज न चढवता सांगू शकत नाहीत.

सायकलींशी पोचलो तेव्हा माझ्या बोटांना कुलपाची किल्ली कळत नव्हती. धरलीय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. आता तो डबा उघडला. कोरडे हातमोजे! एक जोड त्यांनी माझ्यासाठीही ठेवला होता. कारण खरी थंडी उतारावर असते, बंड्या. पाय हलत नाहीत, अंग तापत नाही, वर वेगाचा वारा, आणि जीव सगळा ब्रेकवरच्या दोन-दोन बोटांवर. ती बोटं मेली असतील तर पंचवीसच्या वेगाने खडीवरून जाणारी सायकल थांबवणार कोण? आम्ही थांबत थांबत उतरलो, दर वळणावर हात काखेत घालून. गाडीत बसल्यावर आल्याचा चहा प्यायलो तेव्हा बोटांत रक्त परत आलं आणि मला रडू आलं इतकी कळ होती ती.

रात्री घरी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मला आपला ओढा आठवला.

तू मनूला तो कधी सांगितला नसशील. मीही कुणाला सांगितलेला नाही. ऑगस्ट ९४. गडावरून उतरून आलो तर रतनवाडीच्या अलीकडचा ओढा लालभडक, कमरेच्या वर, सकाळी आपण तो चपला हातात घेऊन ओलांडला होता. पलीकडे झाडांतून गाव दिसत होतं. पलीकडेच त्या आजींच्या पडवीत सायकली. माझी होती बाबांची, त्यांना सोमवारी सकाळी शाळेत जायला हवी होती. मागे फिरून गुहेत रात्र काढता आली असती. पिशवीत भाकरी होती, काडेपेटी कोरडी होती. किंवा नुसतं थांबलो असतो, तरी चाललं असतं, कारण आजी नंतर म्हणाल्याच, पाऊस सरला की दोन घटकांत उतरतं ते पाणी. पण मी उतरलो. बाबांच्या सायकलीसाठी उतरलो. मधोमध पाय सुटले तेव्हा तुझ्या हातात माझ्या पिशवीचा पट्टा होता. तुझ्या तळव्याला त्या पट्ट्याचा वळ आठ दिवस होता. आजींनी चुलीपुढे बसवून गरम गरम नागलीची भाकरी वाढली आणि आपण दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो.

तर मनूला जाऊ दे. तिच्यात ते आहे, तुझ्यातही होतं. फक्त तिला तो ओढा सांग, सगळा सांग, बाबांच्या सायकलीसकट. तुझ्या तोंडून ऐकेल ती, माझ्या पत्रातून नाही. चढावर जाकीट काढायला सांग, कोरडे कपडे दुहेरी पिशवीत घालायला सांग. आपल्याकडे गारठा इतका नसला तरी घाटघरच्या बाजूचा पाऊस आणि वारा भिजलेल्या पोरीला थरथरवायला पुरेसा आहे. किती वाजता वळायचं ते घरून निघतानाच ठरवून वहिनींना सांगून जाऊ दे, म्हणजे दोघींनाही ती वेळ माहीत.

आणि एक वचन तिला तू दे. पाणी चढलं, वाट चुकली, भलत्याच गावात उतरावं लागलं, तर सायकल जिथे असेल तिथे राहू द्यायची आणि फोन करायचा. रागवायचं नाही, विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी जीप करून तू स्वतः जाशील आणि तिघींच्याही सायकली टपावर टाकून आणशील. जीपचं भाडं माझ्याकडे लागलं.

वहिनींना नमस्कार, माईंना साष्टांग दंडवत. मे महिन्यात येतोस ना? काकांनी विचारलंय.

तुझाच,
आप्पा